वाटाड्याचे नाव

गेल्या पावसाळ्यात दोन प्रवासवर्णने आमच्या हाती आली. दोन्ही सायकलप्रवासाची होती. पहिले संगणकावर छापलेले, चाळीस पानांचे. त्याच्या लेखिका मूळच्या वसईकडच्या, आता इंग्लंडात स्थायिक झालेल्या. स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात आउटर हेब्रिडीज नावाची द्वीपमाला आहे. वाटाड्याच्या सोबतीने सायकलवरून ती पार करण्याची सहल त्यांनी केली, तिचे ते वर्णन. दुसरे चार रेघी कागदांवर शाईने लिहिलेले. नगरच्या एका महाविद्यालयीन तरुणाने चार मित्रांसह राळेगणसिद्धीपर्यंत सायकल हाकली, त्या एका दिवसाचे. एका लेखनस्पर्धेचे परीक्षक या नात्याने आम्हांस क्रम लावावयाचा होता. पहिल्या लेखनास आम्ही पहिला क्रमांक दिला आणि दुसऱ्यास उत्तेजनार्थही काही दिले नाही. निकाल लागला, बक्षिसे वाटून झाली, आता त्यात फेरफार करता येत नाही. परंतु तो निकाल चुकला असे आम्हांस तेव्हापासून वाटत आहे, आणि कोठे चुकला याचा शोध घेणे हे परीक्षकाचे कर्तव्य आहे असे आम्ही समजतो.

प्रथम पहिल्या लेखनाविषयी. त्याचे गुण आम्ही आजही नाकारीत नाही. २०१६ मध्ये खुला झालेला हा सायकलमार्ग २९७ किलोमीटरांचा आहे. दक्षिणेकडील व्हॅटरसे बेटावर तो सुरू होतो आणि उत्तरेस लुईस बेटाच्या टोकावरील दीपगृहापाशी संपतो. मध्ये दहा बेटे लागतात. त्यांतील काही समुद्रात भराव घालून बांधलेल्या रस्त्यांनी जोडलेली आहेत आणि दोन ठिकाणी बोटीत सायकल चढवावी लागते. लेखिकेने हे सर्व डोळ्यांपुढे उभे केले आहे. पांढरी वाळू, जळणासाठी कापून वाळत घातलेले दलदलीतील मातीचे काळे तुकडे, गेलिक भाषेतील पाट्या, एकाएकी अंगावर येणारा पाऊस, यांची वर्णने डौलदार आहेत. दक्षिणेची बेटे कॅथलिक राहिली आणि उत्तरेची प्रेस्बिटेरियन झाली, त्यामुळे साउथ युइस्टच्या डोंगरउतारावर १९५७ साली उभारलेला पवित्र मातेचा उंच पुतळा दिसतो, तर लुईस आणि हॅरिस बेटांवर रविवारी व्यवहार थांबविण्याची कडक परंपरा भेटते. हा फरक त्यांनी सायकलच्या गतीने, चाकाच्या फेऱ्यागणिक बदलत जाणारा असा दाखविला आहे. मोटारीतून जाणाऱ्यास तो इतक्या सूक्ष्मतेने दिसला नसता.

मग उणीव कोणती? ती आम्हांस प्रथम व्याकरणात सापडली. या चाळीस पानांत सामान मुक्कामी ‘पोहोचविण्यात आले’, न्याहारी ‘मांडण्यात आली’, पंक्चर ‘काढून देण्यात आले’, आणि दमलेल्या मंडळींना मागून येणाऱ्या गाडीत ‘घेण्यात आले’. मराठीतील हा प्रयोग मोठा सोयीचा आहे. क्रिया घडते आणि करणारा दिसत नाही. तेथील वारे बहुधा नैर्ऋत्येकडून येतात, म्हणून हा मार्ग दक्षिणेकडून उत्तरेकडे आखला आहे. लेखिकेस आठही दिवस वारा पाठीशी लाभला आणि तोही जणू सहलीच्या दरात समाविष्ट होता अशा थाटात त्यांनी त्याची नोंद केली. वाटाड्याचा उल्लेख ‘आमचा गाईड’ असा एकवीस वेळा येतो, आम्ही मोजले. तो विनोद करतो, नकाशा उलगडतो, चढावर धीर देतो. परंतु तो कोणत्या बेटाचा, हिवाळ्यात सहली बंद असताना काय करतो, सायकलस्वारांच्या या रांगेकडे त्याच्या घरची माणसे कशी पाहतात, यांपैकी काहीही आपणांस कळत नाही. ‘दुर्गम’ हा शब्द मात्र पानोपानी आहे. ज्याचे घर एरिस्केवर आहे त्यास एरिस्के दुर्गम कसे वाटेल? त्यास दुर्गम असेल तर ते लंडन.

येथे गैरसमज नको. वाटाड्या घेऊन, सामान गाडीत टाकून प्रवास करण्यात काही कमीपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. पन्नाशी उलटल्यावर आमचे गुडघेही त्या मागच्या गाडीची मनोभावे वाट पाहतील. आमचा आक्षेप सहलीवर नाही, तिच्या लेखनावर आहे.

हा दोष काही मराठी लेखिकेने प्रथम केला असेही नाही. याच प्रदेशाच्या प्रवासाची दोन प्रख्यात इंग्रजी पुस्तके आहेत, आणि दोन्ही एकाच प्रवासाची. १७७३ च्या शरदात कोशकार सॅम्युअल जॉन्सन आणि त्यांचे तरुण मित्र जेम्स बॉस्वेल घोड्यांवरून डोंगराळ स्कॉटलंड पार करून आतल्या बाजूच्या हेब्रिडीज बेटांकडे गेले. जॉन्सन यांचा चौसष्टावा वाढदिवस स्काय बेटावर उजाडला. त्यांचे पुस्तक १७७५ मध्ये आले, बॉस्वेल यांचे १७८५ मध्ये, म्हणजे जॉन्सन यांच्या निधनानंतर. इन्व्हरनेसहून निघताना त्यांनी वाट दाखविण्यासाठी दोन डोंगरी माणसे घेतली. ही माणसे घोड्यांबरोबर पायी धावत असत. जॉन्सन त्यांची तरतरी आणि सौजन्य यांची प्रशंसा करतात. त्यांतील एक जण इन्व्हरनेसच्या कोणत्याही घोड्यास दमवील अशी त्याच्या सोबत्याने दिलेली ग्वाहीही सांगतात. परंतु नाव सांगत नाहीत. बॉस्वेल सांगतात : जॉन हे आणि लॉक्लन व्हास.

समीक्षकांनी या दोन पुस्तकांची तुलना पुष्कळ केली आहे. जॉन्सन विचार देतात, बॉस्वेल माणसे देतात, असा तिचा सामान्य निष्कर्ष. आम्हांस त्यातील एकच प्रसंग महत्त्वाचा वाटतो. रॅटागनच्या बिकट घाटात स्थूलदेही जॉन्सन यांच्या भाराने घोडा थकतो, जॉन्सन त्रासतात, तेव्हा जॉन हे त्यांच्या घोड्याचा लगाम धरून चालू लागतो. सकाळी डॉक्टरांना चरणाऱ्या शेळ्या आवडल्या होत्या हे त्याने ध्यानी ठेवले होते. तो त्यांना शेळ्या दाखवितो आणि शीळ घालून त्या उड्या मारतील असे करतो. रडव्या मुलाची समजूत घालावी तशी युरोपातील एका महापंडिताची समजूत एक वाटाड्या घालीत आहे! बॉस्वेलना त्याची गंमत वाटली. परंतु ही गंमत आपणांपर्यंत पोहोचली ती वाटाड्याकडे पाहणारी नजर बॉस्वेलपाशी होती म्हणून. जॉन्सन यांच्या पुस्तकात त्या घाटात विचार आहेत, शीळ नाही.

याच बेटांवरील दुसरी एक गोष्ट आम्हांस, आमच्या पेशामुळे असेल, अधिक बोचते. फादर अ‍ॅलन मॅकडोनल्ड (१८५९–१९०५) हे साउथ युइस्टवर आणि नंतर एरिस्के या चिमुकल्या बेटावर धर्मगुरू होते. एरिस्केचे देऊळ त्यांच्याच काळात, १९०३ मध्ये, उभे राहिले. ते गेलिक भाषेचे कवी होते आणि कोळ्यांच्या व शेतकऱ्यांच्या तोंडच्या कथा, समजुती, शब्द यांनी त्यांनी वह्यांमागून वह्या भरल्या. एडा गुडरिच फ्रीअर या लंडनहून आलेल्या विदुषीस त्यांनी त्या विश्वासाने वापरू दिल्या. पुढे त्यांतील पुष्कळशी सामग्री बाईंच्या व्याख्यानांतून, लेखांतून आणि १९०२ च्या ग्रंथातून त्यांच्या स्वतःच्या संशोधनासारखी लोकांपुढे आली. आभार मानले गेले, पण ऋणाच्या मानाने फार थोडे. फादर अ‍ॅलन यांच्या वह्या आणि बाईंचे छापील लेखन जॉन लॉर्न कॅम्पबेल यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि १९६८ मध्ये हा सर्व प्रकार ग्रंथरूपाने मांडला, तेव्हा त्या धर्मगुरूच्या मृत्यूस साठ वर्षे उलटून गेली होती. बेटांविषयी लिहिणाऱ्यास बेटावरच्या माणसाने वाट दाखवावी आणि पुस्तकात ती वाट आपोआप सापडल्यासारखी दिसावी, ही खोड जुनी आहे.

मराठीत याच्या उलट उदाहरणे आहेत. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १८८३ मध्ये लिहिला गेला आणि १९०७ मध्ये छापला गेला. सत्तावन्नच्या धामधुमीत पायी चालणाऱ्या त्या भिक्षुकास ‘गाईड’ कोठून मिळणार? वाट पुसावी लागे, ओसरी मागावी लागे, म्हणून त्यांच्या पुस्तकात माणसे आहेत. इरावती कर्वे दिंडीबरोबर पंढरपुरास चालत गेल्या, आणि ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ या लेखात, एकच अभंग गाणाऱ्या दिंडीत ब्राह्मण आणि मराठा मंडळींच्या पंगती वेगळ्या बसतात याचे दुःख त्यांनी नोंदविले. दुरून पालखी पाहणाऱ्यास ते दिसले नसते. पुढे आपल्याकडे परदेशच्या सहलींचे लेखन उदंड झाले. त्याविषयी येथे बोलत नाही, विषय लांबेल.

आता राळेगणसिद्धी. पारनेर तालुक्यातील हे गाव आमच्या जिल्ह्याचे, आणि एका अर्थी तेही ‘वाटाड्यासह’ पाहण्याचे ठिकाण झाले आहे. वर्षाकाठी चारपाचशे मिलिमीटर पावसाचा हा टापू. १९७५ मध्ये सैन्यातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी स्वतःच्या पैशातून यादवबाबांचे मंदिर दुरुस्त केले आणि तेथून कामास प्रारंभ झाला. पाझर तलाव, नालाबांध, समतल चर, श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी हे शब्द शाळकरी मुलांसही पाठ आहेत. शासनाची आदर्श गाव योजना याच गावाच्या नमुन्यावर आखली गेली. शैक्षणिक सहली, अभ्यासदौरे, शिबिरे यांच्या गाड्या येतात. मंदिर, शाळा, बांध दाखविले जातात, आणि परत गेल्यावर लेख लिहिले जातात. असे कितीतरी लेख आम्ही वाचले आहेत. त्यांचे व्याकरण हेब्रिडीजच्या त्या चाळीस पानांचेच आहे. बांध ‘घालण्यात आले’, झाडे ‘लावण्यात आली’, चराईबंदी ‘लागू करण्यात आली’. कर्ता असेल तर एकच, अण्णा. उरलेले सारे ‘गावकऱ्यांनी’ या एका शब्दात बसविलेले.

अण्णांच्या स्वतःच्या पुस्तकाचे नाव ‘माझे गाव, माझे तीर्थ’ असे आहे. त्यात ‘माझे’ हा शब्द दोनदा येतो. पाहुण्यांच्या लेखांत ‘तीर्थ’ तेवढे शिल्लक राहते आणि ‘माझे’ गळून पडते. ते गळणे स्वाभाविक आहे, कारण पाहुण्याचे ते गाव नव्हे. परंतु मग ते कोणाकोणाचे, हे विचारणे पाहुण्याचे काम ठरते. चराईबंदी सर्वांस सारखीच लागू होते, तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याची विहीर आहे त्याच्या विहिरीस पाणी चढते. ज्याची जमीन नाही आणि चार शेळ्या आहेत, त्यास प्रथम शेळ्या विकाव्या लागतात.

त्या तरुणाच्या चार कागदांत हेच होते, आणि आमच्या ध्यानी आले नाही. केडगाव, चास, कामरगावचा चढ, सुप्याजवळची मालमोटारींची रांग, वाडेगव्हाणचा फाटा, इतके सारे त्याने एका परिच्छेदात संपविले आहे. शुद्धलेखन सदोष, उपमा एकही नाही. गावात पोहोचल्यावर एका सत्तरीच्या गृहस्थांनी त्यांना बांधांकडे नेले. सायकली हाती धरून ही मुले उतार चढली. समतल चर म्हणजे झाडांसाठी खणलेला खड्डा, अशी त्यांची समजूत होती. त्या गृहस्थांनी मुलांच्याच बाटलीतील पाणी उतारावर ओतावयास लावले आणि ते कोठे जाते ते पाहावयास सांगितले. पाणी धावले, चरात आले, थांबले आणि जिरले. ‘कामरगावला आपण हापापत चढलो तो चढ पाण्याला उतार असतो हे तेव्हा कळले’ असे मुलाने लिहिले आहे. बसमधून येणाऱ्यास हे वाक्य सुचले नसते; ते पायांनी लिहिलेले आहे. मग ते गृहस्थ म्हणाले की हा चर खणणाऱ्यांत मी होतो, आणि चराई बंद झाली त्या वर्षी मी अकरा शेळ्या विकल्या. मुलांनी विचारले, वाईट वाटले का? त्यांनी उत्तर दिले नाही. चहा घेणार का, असे विचारले. लेखकाने येथे कोणतेही भाष्य केलेले नाही. त्यांचे पूर्ण नाव मात्र लिहिले आहे, वडिलांच्या नावासकट, आणि त्याच नावाने पुढे तीनदा त्यांचा उल्लेख केला आहे.

त्या नावाखाली आम्ही लाल पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि समासात ‘अनावश्यक तपशील’ असा शेरा मारला होता.

कोणी म्हणेल, साहित्य म्हणजे काही हजेरीपत्रक नव्हे. नुसती नावे लिहिल्याने लेखन मोठे होत नाही. हे आम्हांस मान्य आहे, आणि शेरा मारताना हेच आमच्या मनात होते. परंतु येथे नाव नुसते आलेले नाही. पाणी ओतावयास लावणारा हात, चर खणणारा हात आणि शेळ्यांचे दावे दुसऱ्याच्या हाती देणारा हात एकच आहे, हे त्या नावामुळे कळते. ‘एका वृद्ध गावकऱ्याने’ असे लिहिले असते तर वाचकाने तीन निरनिराळी माणसे कल्पिली असती, किंवा एकही नाही. सेमिनरीत आम्हांस अलंकारशास्त्र शिकविणारे गुरुजी लेखनातून जे काढता येईल ते काढा असे सांगत. काय काढले असता अर्थ जातो, हे ओळखण्यात आम्ही उणे पडलो.

ते नाव आम्ही येथे देत नाही. ते त्या तरुणाने मिळविलेले आहे आणि त्याच्याच लेखात प्रथम छापले जावे. त्या गृहस्थांची संमती विचारून तो लेख, शुद्धलेखन तेवढे सुधारून आणि आमचा शेरा गाळून, पुढील अंकी घ्यावा अशी विनंती आम्ही संपादकांस केली आहे.

हेब्रिडीजच्या लेखिकेसही आम्ही पत्र लिहिले. बक्षिसाविषयी काही लिहिले नाही. पुस्तक काढण्याचा त्यांचा विचार असल्याने वाटाड्याचे आणि सामानाच्या गाडीच्या चालकाचे नाव तेवढे विचारले. त्यांनी मोकळेपणाने उत्तर पाठविले. वाटाड्याचे नाव त्यांना आठवते. त्याची आजी एरिस्केची, आणि वाटेत त्याने तिचे घर लांबून दाखविले होते, हेही पत्र लिहिता लिहिता त्यांना आठवले. चालकाचे नाव त्यांनी विचारलेच नव्हते.