पखवाजाची कणीक आणि डीजेचा पेनड्राइव्ह

आमच्या किनाऱ्यावर डीजे ही वस्तू आहे. ‘डीजे इलो रे!’ अशी आरोळी वाडीत उठते तेव्हा माणूस आलेला नसतो, टेम्पो आलेला असतो: काळे बॉक्स, वर दिव्यांची चौकट, मागे जनरेटर. हे सगळे चालवणारा पोरगा केबिनमध्ये बसून वडापाव खात असतो आणि त्याचे नाव कोणी विचारत नाही. घाटावर याच वस्तूला ‘डॉल्बी’ म्हणतात. त्यात एक गंमत आहे. रे डॉल्बी या अमेरिकन अभियंत्याने १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्यासाठी. नको असलेला आवाज घालवणाऱ्या माणसाचे आडनाव आपण कौले थरथरवणाऱ्या यंत्राला दिले.

तेरेखोल ओलांडून गोव्यात शिरले की हाच शब्द माणसाचा होतो. तिथे डीजेचे नाव पोस्टरवर सर्वांत मोठ्या अक्षरांत असते, तो विमानाने येतो, त्याच्यासाठी लोक तिकीट काढतात. एका नदीच्या दोन काठांवर एका शब्दाचे असे दोन अर्थ, त्यामुळे ‘डीजे बरा की प्रत्यक्ष वाजवणारे बरे’ हा वाद आपल्याकडे नेहमी भलत्याच ठिकाणी जाऊन अडकतो. एक जण सनबर्न या डीजेंच्या महोत्सवाबद्दल बोलत असतो, दुसरा विसर्जनातल्या टेम्पोबद्दल, आणि तिसरा, बहुधा माझ्या वयाचा, धयकाल्याच्या, म्हणजे रात्रभराच्या दशावताराच्या आठवणीने हळहळत असतो.

सुरुवात गोव्यापासूनच करायला हवी. बँड सोडून डीजेकडे जगाने जे वळण घेतले, त्यातला एक मोठा तुकडा आपल्या शेजारी, हणजूणच्या वाळूत घडला. सत्तरच्या दशकात तिथे हिप्पी जमत तेव्हा गिटार, ढोल आणि रॉकचे बँड असत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लॉराँ नावाच्या एका फ्रेंच गड्याने आणि त्याच्यासारख्या आणखी काहींनी युरोपातली इलेक्ट्रॉनिक गाणी कॅसेटवर घेतली, त्यांतले गायलेले भाग कापून टाकले, नुसते तालाचे तुकडे जोडले आणि तेच रात्रभर लावले. तबकड्या इथल्या उन्हात आणि धुळीत टिकत नसत, म्हणून कॅसेट आणि पुढे डॅट ही डिजिटल टेप. त्यातून जगाला ‘गोवा ट्रान्स’ मिळाला. या पंथाचा म्होरक्या म्हणजे गोवा गिल. मूळचा सॅन फ्रान्सिस्कोचा, जन्म १९५१चा, २०२३ मध्ये वारला. त्याची ख्याती होती चोवीस-चोवीस तास सलग वाजवण्याबद्दल. मध्यरात्रीचा आवाज काळाकुट्ट आणि जड, आणि फटफटू लागले की तोच मोकळा, हलका. लोकांना रात्रीतून पार नेऊन सकाळी सोडायचे, हा सगळा खटाटोप त्यासाठी.

हे वाचून दशावतार पाहिलेल्या कोणालाही ओळख पटेल. जत्रेत पालखी देवळाला प्रदक्षिणा घालून झाली की कंपनी उभी राहते. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, मग काळ्या वेशातला संकासुर मालवणीत टवाळक्या करत येतो. त्यानंतर आख्यान, आणि पहाटे दहीहंडी फुटून काला. लिखित संहिता नाही. रंग लावता लावता कथानक ठरते आणि संवाद जागेवर जुळवले जातात. साथीला एका बाजूला बसलेले तिघेच: पेटी, पखवाज, झांज.

त्या पखवाजवाल्याकडे मी नटांपेक्षा जास्त वेळ बघत आलो आहे. त्याची नजर वाद्यावर कधीच नसते, ती राक्षसाच्या पायावर असते. पाय उचलला की बोल सुरू, टाच टेकली की सम. राक्षसाला आज दम लागला असेल तर तो लय अर्ध्या अंगाने मागे घेतो, प्रेक्षकांना कळतही नाही. समोर पोरे पेंगताना दिसली की तीच लढाई तो चार आवर्तने वाढवतो. डाव्या पुडीला लावलेली कणीक समुद्राच्या दमट हवेत दोन तासांत सैल होते, मग नटीचे लांबलेले स्वगत चालू असताना तो ती खरवडून नवी थापतो आणि हातोडीने गठ्ठे ठोकून सूर वर आणतो. ही डागडुजीसुद्धा प्रयोगाचाच भाग. डीजेच्या पेनड्राइव्हला हवा लागत नाही, हे त्याचे बळ. आणि हवा लागत नाही, हीच त्याची मर्यादा.

पण इथेच थांबलो तर मी ‘जुने ते सोने’वाल्यांच्या रांगेत जाऊन बसेन, आणि तिथे मला करमत नाही. ज्याला आपण अस्सल म्हणतो त्यातही यंत्र कधीच शिरलेले आहे. पेटीच घ्या. युरोपातून आलेले यंत्र. मींड येत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली ती १९७१ पर्यंत. आज पेटीविना दशावतार कोणाला सुचेल? दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या आरत्यांतला घुमट घ्या. त्याच्यावर घोरपडीचे कातडे असे, वन्यजीव कायदा आला आणि बकऱ्याचे लागले. आवाज बदलला, तरी २०१९ मध्ये गोव्याने घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान दिला. आणि बेंजो! लालबाग-परळच्या चाकरमान्यांनी गणपतीसाठी गावी आणलेला हा बेंजो अमेरिकन नव्हे. तो बुलबुल तरंग, म्हणजे १९१२ साली जपानमध्ये नागोयात निघालेल्या ‘ताइशोगोतो’चा वंशज, टंकयंत्रासारखी बटणे असलेला. त्याला पिकअप जोडला, कर्ण्यातून काढला, सोबत ताशा आणि ऑक्टोपॅड दिला आणि मिरवणूक निघाली. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये त्याच्यावर हिंदी सिनेमा काढला, तोवर बेंजोवाल्यांच्या सुपाऱ्या टेम्पोने खाऊन टाकायला सुरुवात केलेली होती. कारण साधे आहे. बेंजोला दहा-बारा माणसे लागतात, त्यांना जेवण लागते, मध्ये थांबून चहा लागतो. टेम्पोला डिझेल आणि दोन-तीन पोरे पुरतात.

तेव्हा प्रश्न यंत्राचा नाही. मग कशाचा? मला वाटते, रात्रीचा. वाजवणाऱ्याच्या हाती किती वेळ आहे आणि त्या वेळेत समोरच्यांकडे बघून बेत बदलण्याची त्याला किती मोकळीक आहे, याचा.

या कसाला लावले की गणिते उलटीपालटी होतात. सनबर्न २००७ मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झाला तेव्हा कार्ल कॉक्ससारखा माणूस आला होता. कॉक्स तबकड्यांच्या जमान्यातला, एका वेळी तीन-तीन तबकड्या फिरवण्याबद्दल नावाजलेला, गर्दीचे तोंड बघून पुढची तबकडी निवडणारा. नंतर महोत्सव फुगला. २०१६ पासून तीन वर्षे पुण्यात, मग पुन्हा गोव्यात, २०२४ ला वाद आणि कोर्टकचेऱ्या होत होत पेडण्यातल्या धारगळला, म्हणजे आपल्या बांद्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि २०२५ ला मुंबईत. या वाढीत प्रत्येक कलाकाराच्या वाट्याचा वेळ तास-दीड तासावर आला. मागे प्रचंड पडदा, आगीचे फवारे, लेझर. हे सगळे ठरल्या क्षणी उडायचे तर गाण्यांचा क्रमही आधीच ठरलेला हवा. डीजेने मध्येच विचार बदलला तर आग एकीकडे आणि ठेका दुसरीकडे. म्हणून तो विचार बदलत नाही, हात वर करतो. गिल आणि हा, दोघांनाही डीजेच म्हणायचे, पण त्यांच्यात मला पखवाजवाला आणि टेपरेकॉर्डर यांच्याइतके अंतर दिसते.

आणि बँडवाले? सरकारी किंवा राजकीय छत्राखाली होणाऱ्या आपल्याकडच्या ‘महोत्सवां’बद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सिनेमातला एक ओळखीचा गळा, मागे की-बोर्ड, ड्रम, दोन गिटारवाले. निम्म्या गाण्यांत मूळ गाण्याचा ट्रॅक लावलेला असतो आणि वादक त्याच्यावर हात फिरवतात. एकदा असाच ट्रॅक मध्येच अडकला आणि रंगमंचावर सहा वादक वाद्ये घेऊन गप्प उभे राहिले. कोणाला पुढे काय वाजवायचे ते सुचेना. त्यांना मी जिवंत संगीत म्हणायला तयार नाही. माणसे मोजून ते ठरत नाही.

याउलट भजनाची डबलबारी. तिच्यावर मराठी समीक्षकांनी अक्षरही खर्च केलेले नाही, याची मला लाज वाटते. दोन बुवा, दोन संच, एक मांडव. एकाने बारी लावायची: स्तवन, रूपकाचा अभंग, गजर, गवळण. अभंगातून किंवा बोलण्यातून एखादा प्रश्न समोरच्याकडे फेकायचा, आणि त्याने आपल्या बारीत त्याचे उत्तर द्यायचे. काशीराम परब, परशुराम पांचाळ, चिंतामणी पांचाळ ही नावे कणकवलीपासून भांडुपपर्यंत कोणालाही विचारा. गजराची लय चढत जाते तेव्हा पखवाजवाला, चकीवाला आणि कोरस यांची जी झटापट होते, तिच्यापुढे परदेशी महोत्सवातला कुठलाही ‘ड्रॉप’ मला फिका वाटतो. ड्रॉप कधी येणार हे सगळ्यांना ठाऊक असते. गजर कुठे तुटणार, हे बुवालाही ठाऊक नसते. सिनेमातल्या चाली उचलून त्यावर अभंग बसवण्याची सवय मात्र आता व्यसनापर्यंत गेली आहे, आणि एकमेकांची उणीदुणी काढण्यात अर्धी बारी संपते. पण समोर प्रतिस्पर्धी बसलेला आहे तोवर हा प्रकार पाठ केलेला होऊ शकत नाही. आमच्या किनाऱ्यावरचे सर्वांत तरतरीत संगीत आज इथे आहे, असे माझे मत आहे. यूट्यूबवर तिला मिळणारी गर्दी बघितली तर मत माझ्या एकट्याचे नसावे.

दशावताराबद्दल तेवढ्याच खात्रीने लिहिता येत नाही. ‘ट्रिकसीन’ आले, धुराचे यंत्र आले, नामांकित नटांना एकत्र आणणारे ‘संयुक्त दशावतार’ आले. २०२५ मध्ये दिलीप प्रभावळकरांचा ‘दशावतार’ सिनेमा आला आणि कधी कोकणात पाऊल न टाकलेल्यांनाही संकासुर कळला. हे सगळे वाईट नाही. मुंबईच्या नाट्यगृहातला अडीच तासांचा प्रयोग मात्र मी तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा पखवाजवाला घड्याळाकडे बघत होता. राक्षस दमला तरी थांबायला वेळ नाही, पोरे पेंगली तरी लढाई वाढवायला वेळ नाही. आडदशावतार तर दहा मिनिटांत गुंडाळलेला. हा प्रयोग आणि सनबर्नचा दीड तास यांच्यात मला आता फारसा फरक दिसेनासा झाला आहे.

आणि रात्र कमी होण्यामागे कायदा आहे, तो आपल्याकडच्या बहुतेकांनी वाचलेला नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. डेसिबलचे माप असे की दहाने वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट झाली. म्हणजे ९५ डेसिबलचा डीजे रात्रीच्या मर्यादेच्या दुप्पट नव्हे, तीव्रतेने लाखपट असतो. त्यातही बॉक्समधले खालचे सूर चिऱ्याच्या भिंतीतून आरपार जातात. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला गाणे ऐकू येत नाही, नुसते छातीवर धक्के बसतात. २०१८ मध्ये गणेशोत्सवात डीजेवरची बंदी उठवायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला, तो योग्यच होता.

पण २०१० मध्ये याच नियमांत एक दुरुस्ती झाली. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर काय वाजवायचे नाही, त्या यादीत ध्वनिवर्धकाच्या शेजारी ‘वाद्य’ हा शब्द येऊन बसला. सणासुदीला सूट मिळते ती वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, तीही रात्री बारापर्यंत. म्हणजे अक्षरशः वाचले तर बारानंतर देवळापुढे मांडी घालून पखवाज वाजवणारा माणूस आणि टेम्पोवरचा बास, दोघे एकाच कलमाखाली. हणजूणची रात्र गेली तर जगात इतरत्र तिची पोरेबाळे आहेत. धयकाल्याची रात्र फक्त इथे आहे.

पूर्वी दशावताराला माइक नव्हता. गळा मागच्या रांगेपर्यंत जाईल असा घडवलेला असे आणि पखवाज त्या गळ्याखाली राहील असा वाजवलेला. आज आपणच मांडवाच्या चार कोपऱ्यांना चार बॉक्स टांगतो आणि मग पोलीस आले म्हणून रडतो. देवस्थान कमिट्यांना आणि ग्रामपंचायतींना माझे सांगणे एवढेच: दहा वाजता बॉक्स आपल्या हाताने बंद करा. मग ग्रामसभेत ठराव घ्या, आमदार-खासदारांच्या हातात द्या, की विजेवर न चालणारे वाद्य आणि ध्वनिवर्धक हे दोन शब्द या नियमात वेगळे करा. त्रिपुरारी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू होतात. ठराव त्याआधीच्या ग्रामसभेत यायला हवा.