जगाचा वाडा

न्यूयॉर्कच्या फर्स्ट ॲव्हेन्यूवर उभा राहून मी संयुक्त राष्ट्रसंघाचे मुख्यालय प्रथम पाहिले, तेव्हा मनात आलेला प्रश्न वाचकांना कदाचित गावंढळ वाटेल. या वाड्याची सदर कुठे आणि दप्तरखाना कुठे? कारण नजरेत भरतो तो दप्तरखानाच. ३९ मजल्यांची ती काचेची उभी पाटी म्हणजे सचिवालय. तिथे बसतात भाषांतरकार, हिशेबनीस, टिपणे लिहिणारे. आणि ज्या आमसभेसाठी हा सारा खटाटोप, ती शेजारी वाकलेल्या छपराखाली अंग चोरून बसलेली. आपल्याकडे शिखर चढवतात ते गाभाऱ्यावर. मुनिमाच्या खोलीवर कोणी चढवीत नाही.

हा दोष कोणा एकाच्या माथी मारता येत नाही. १९४६ च्या अखेरीस रॉकफेलरने ८५ लक्ष डॉलर दिले आणि खाटिकखान्यांची ती नदीकाठची जागा मिळाली. १९४७ साली वॉलेस हॅरिसन यांच्या देखरेखीखाली देशोदेशींचे वास्तुशिल्पी एका खोलीत बसले. सभागृह हेच मुख्य अंग, ते मध्यावरच हवे, असा ल कॉर्बुझिए यांचा हट्ट. तर ब्राझीलच्या तरुण ऑस्कर नीमायर यांनी ते बाजूला सारून मध्ये ऐसपैस चौक मोकळा सोडलेला. एकाचा आराखडा २३ वा, दुसऱ्याचा ३२ वा. शेवटी दोहोंची सांगड घालून ‘२३-३२’ झाला. तडजोडीत चौक गेला आणि सभागृह काही उंच झाले नाही. मुत्सद्द्यांचे घरही मुत्सद्देगिरीनेच बांधले गेले म्हणायचे! सभागृहावरचा तो लहानसा घुमटदेखील, बिनव्याजी कर्ज देणाऱ्या अमेरिकन काँग्रेसची मर्जी राखायला बसवला, असे सांगतात. घुमट नसेल तर ते सरकारी घर कसले?

माझी खरी तक्रार उन्हाची आहे. सचिवालयाच्या दोन्ही रुंद बाजू काचेच्या, आणि तोंडे पूर्व-पश्चिमेला. पश्चिमेची उघडी खिडकी म्हणजे काय, ते नागपूरच्या कुठल्याही सुनेला विचारावे. चैत्र लागला की वाळ्याचे पडदे बांधण्याची तिची घाई सुरू होते. काचेपुढे उन्हाला आड हवी, असे कॉर्बुझिए परोपरीने सांगत होते. हॅरिसननी मानले नाही. उष्णता शोषणारी हिरवट काच, आत झडपांचे पडदे आणि वातानुकूलन, यांवर भागवले. २००८ नंतरच्या मोठ्या दुरुस्तीत काचा बदलल्या. दिशा कशी बदलणार? पुढे चंदीगढला कॉर्बुझिएंनी काँक्रीटच्या खोल आडोशांनी सचिवालय सजवले. न्यूयॉर्कला न ऐकलेले म्हणणे आपल्या पंजाबच्या उन्हात ऐकले गेले, याचा मला थोडा अभिमानच वाटला.

मात्र ध्वजांपुढे माझी टीका लुळी पडली. १९३ सदस्यराष्ट्रे शाळेच्या हजेरीपटासारखी इंग्रजी अक्षरक्रमाने उभी. आइसलंड, मग भारत, मग इंडोनेशिया. कोण मोठा, कोण धाकटा, हा प्रश्नच नाही. आत सभागृहातही तीच हवा आहे. १९५३ साली विजयालक्ष्मी पंडित अध्यक्षस्थानी बसल्या त्या इथेच, आणि त्या जागी बसणारी ती पहिली स्त्री. सोनेरी भिंतीकडे पाहताना बाहेरचा दप्तरखाना मी पार विसरलो.

सर्वांत आवडले ते आर्थिक व सामाजिक परिषदेचे दालन. स्वीडनच्या स्वेन मार्केलियस यांनी प्रेक्षकांच्या डोक्यावरचे छत उघडेच ठेवले आहे. नळ, नळ्या, सगळे दिसते. वाटाड्याने गंभीरपणे सांगितले, जगाचे काम कधीच पुरे होत नाही, याची ही खूण.

माझी धाकटी बहीण कानाशी लागली. म्हणाली, “दादा, गवंड्याचे पैसे थकलेले दिसतात रे!”

वाटाडा पुढच्या दालनाकडे निघाला. आम्ही दोघे मात्र त्या नळ्यांखाली आणखी थोडा वेळ बसून राहिलो.