विनोदी नटीचें गांभीर्य

स्थूल देह, थरथरणारी हनुवटी आणि उतार वय एवढेंच भांडवल घेऊन जी स्त्री रंगभूमीवर येते, तिला हंसणें प्रेक्षकांस फार सोपें असतें. आणि तें हंसणें बहुधा उपहासाचें असतें. इंग्लंडमधील नटी मार्गारेट रदरफोर्ड (१८९२–१९७२) यांनीं याच भांडवलावर प्रेक्षकांस मनमुराद हंसविलें, पण उपहासास वाव दिला नाहीं. हें त्यांनीं कसें साधलें, याचा विचार येथें आम्हांस करावयाचा आहे.

बाईंचें चरित्र शोकनाट्यास शोभेल असें आहे. त्यांच्या जन्मापूर्वीं, १८८३ सालीं, वडिलांनीं वेडाच्या भरांत स्वतःच्या पित्याचा खून केला व कांहीं वर्षें वेड्यांच्या इस्पितळांत काढलीं. पुढें कुटुंब हिंदुस्थानांत आलें. तेथें आईनें आत्महत्या केली आणि लहानग्या मार्गारेटला विंबल्डन येथें मावशीनें वाढविलें. पियानो शिकवून निर्वाह करणाऱ्या या बाईंना मावशीच्या पश्चात् थोडा पैसा मिळाला, तेव्हां कोठें १९२५ सालीं, वयाच्या ३३ व्या वर्षीं, त्यांनीं 'ओल्ड व्हिक'च्या रंगभूमीवर पाऊल ठेविलें. या दुःखांतूनच त्यांचा विनोद जन्मला, असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु कलेचा पुरावा कलाकृतींतच शोधावा, हें बरें.

नोएल कॉवर्ड यांच्या 'ब्लाइद स्पिरिट' (१९४१) या नाटकांतील मादाम आर्काटी पाहा. परलोकविद्येंतील लबाडी न्याहाळून कादंबरीस मसाला मिळवावा, म्हणून एक लेखक या बाईला घरीं बोलावतो. तेथील मंडळी तिला मनांतून हंसत असतात. रदरफोर्डबाईंची आर्काटी मात्र सायकलवरून येते ती कसबी कारागिरासारखी, आपल्या धंद्याचा अभिमान बाळगून. खरोखरीच भूत अवतरलें आहे हें कळतांच तिला होणारा आनंद निर्भेळ असतो. १९४५ च्या चित्रपटांत तो आजही पाहावयास मिळतो. त्या घरांत आपल्या कामावर श्रद्धा असलेली ती एकटीच. म्हणून आपण हंसलों तरी शेवटीं ओशाळे होतात ते यजमानच.

सर्वत्र यश सारखें नाहीं. १९६१ ते १९६४ या काळांतील चार चित्रपटांत त्यांनीं मिस मार्पल रंगविली. पण अगाथा ख्रिस्ती यांची, विणकाम करतां करतां माणसें ओळखणारी शांत वृद्धा तेथें उरली नाहीं. तिनें तलवार खेळावी, हें आम्हांस रुचत नाहीं. दोष मुख्यतः पटकथेचा. ख्रिस्तीबाईंनीं १९६२ सालीं आपली एक कादंबरी रदरफोर्डबाईंस अर्पण केली, हें येथें विसरूं नये.

'दि व्ही. आय. पी.ज' (१९६३) मधील निर्धन उमरावबाईच्या भूमिकेस ऑस्कर पारितोषिक लाभलें. तथापि आमच्या मतें त्यांच्या कलेची खरी कसोटी ऑर्सन वेल्स यांच्या 'चाइम्स ॲट मिडनाइट' (१९६५) मध्यें लागली. शेक्सपिअरच्या फॉल्स्टाफचा मृत्यु मद्यगृहाची मालकीण क्विकली वर्णन करते. आवाज तोच, चेहरा तोच, रडण्याचा आव नाहीं. आणि कोणासही हंसूं येत नाहीं. आर्काटीला ज्या गांभीर्यानें उपहासापासून वांचविलें, तेंच येथें करुणेच्या कामीं आलें आहे. १९६७ सालीं त्यांस 'डेम' ही पदवी मिळाली; आम्हांस त्यांची थोरवी पटण्यास हा एक प्रवेश पुरेसा आहे.