आगार नेमके कुठे होते?

जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘ताल-एल्मार’ ही कथा फार थोड्यांनी वाचली आहे. १९५०च्या दशकात त्यांनी ती लिहायला घेतली, जानेवारी १९६८मध्ये पुन्हा हाती धरली आणि अर्ध्यावर सोडली. त्यांचे पुत्र क्रिस्टोफर टॉल्किन यांनी वडिलांच्या हस्तलिखितांचे बारा खंड संपादित केले. त्यांतल्या १९९६च्या अखेरच्या खंडाच्या शेवटी ही कथा आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये न्यूमेनोर या बेटावरचे लोक थोर, दीर्घायुषी पूर्वज म्हणून येतात. इथे मात्र त्यांची गलबते आपल्याला किनाऱ्यावरून, तिथल्या रहिवाशांच्या डोळ्यांनी दिसतात. टॉल्किननी इतके धाडसी पाऊल क्वचितच उचलले असेल.

हझाद हा आगार गावचा म्हातारा. त्याच्या सतरा मुलांतला धाकटा ताल-एल्मार. हझादची आई एल्मार ही युद्धात पकडून आणलेली, पूर्वेकडच्या शत्रूंची लेक. नातू तिच्यावर गेला आहे: उंच, गोरा, गावातल्या कुणासारखाच न दिसणारा. समुद्रावर काळी आणि पांढरी शिडे दिसतात तेव्हा बापाला भीतीच्या कहाण्या आठवतात. काळ्या शिडांचे लोक माणसे पळवतात, काळ्या दगडांवर त्यांचे बळी देतात, अशा त्या कहाण्या. गावचा नायक मोग्रू ताल-एल्मारला टेहळणीला पाठवतो. परक्यांशी त्याची भेट होते आणि कधी न ऐकलेली त्यांची भाषा त्याला ओळखीची वाटते. त्यानंतर थोड्याच पानांत मजकूर तुटतो.

भूगोलाचा फारसा विचार न करता आपण ही कथा सुरू केली, अशी टॉल्किनचीच नोंद आहे. एक तर ती मोठ्या इतिहासाशी सैल धाग्याने जोडलेली राहू द्यावी, नाहीतर आंदुइन नदीच्या मुखाजवळ तिची जागा पक्की करावी आणि न्यूमेनोरचा विनाश होण्याआधी तिथल्या एल्फमित्रांनी कायमची बंदरे कशी निवडली, याची ती कथा करावी. त्यांचा कल दुसऱ्या पर्यायाकडे होता. चाहत्यांची चर्चा बहुधा इथेच अडकते. आगार कोणत्या टेकडीवर, खाडी कोणती, नकाशावर बोट कुठे ठेवायचे?

मला काळाचा पेच जास्त महत्त्वाचा वाटतो. टॉल्किनच्याच कालपटानुसार न्यूमेनोरच्या निष्ठावंतांनी, म्हणजे याच एल्फमित्रांनी, पेलार्गिर बंदर दुसऱ्या युगाच्या २३५० साली बांधले. नरबळींची प्रथा मात्र अंधाराचा अधिपती सौरॉन बंदी म्हणून न्यूमेनोरला गेल्यानंतरची, म्हणजे ३२६२नंतरची. बंदरे निवडण्याचा काळ धरला तर हझादची भीती नऊ शतके आधी जन्मलेली ठरते. भीती खरी धरली तर बंदरे केव्हाच वसलेली असतात. हा ताळा तारखा सरकवून जुळवता येईलही. पण प्रश्न तारखांपुरता राहत नाही. काळी शिडे कोणाची आणि पांढरी कोणाची हे एकदा ठरले, की वाईट न्यूमेनोरी वेगळे काढता येतात, चांगले वेगळे ठेवता येतात. किनाऱ्यावरच्या माणसाला हा फरक कसा कळणार? त्याच्या दृष्टीने दोन्ही जहाजांतले लोक त्याच्याच जमिनीवर उतरणार असतात. कथेची ताकद या अज्ञानात आहे. म्हणून जागा पक्की करण्याची टॉल्किनची दुरुस्ती मला कथेच्या मुळावर येणारी वाटते.

नायकाची निवड हे याहूनही मोठे दुखणे. गावकऱ्यांची नजर ज्याच्यातून दाखवायची, तोच रूपाने आणि रक्ताने पाहुण्यांच्या बाजूचा. गोरा उंच मुलगा उदात्त, ठेंगणा मोग्रू दुष्ट, ही वाटणी वाचताना बोचते. कथा किनाऱ्यावर सुरू होते आणि नायकाबरोबर हळूहळू गलबतावर चढते. आगारचे बाकीचे लोक कोण, कुठून आले, त्यांच्या वंशाला टॉल्किनच्या इतिहासात जागा कुठली, हे अनुत्तरित राहते, कारण कथेचे लक्षच त्यांच्यावरून उडते.

‘ताल-एल्मार’ ज्या खंडात आहे, त्याच खंडात बुटक्यांविषयी आणि माणसांविषयी एक निबंध आहे, १९६०च्या दशकाच्या अगदी अखेरीचा. त्यात न्यूमेनोरी लोक भाषेवरून आप्त आणि परके ठरवतात. मिन्हिरियाथच्या अरण्यातले लोक खरे तर हालेथच्या वंशाचे, म्हणजे न्यूमेनोरींच्याच पूर्वजांपैकी एका घराण्याचे सगोत्र. पण त्यांची भाषा वेगळी, म्हणून ते परके ठरतात. ‘अनफिनिश्ड टेल्स’ या १९८०च्या संग्रहातल्या एका टिपणात याचा परिणाम दिसतो. जहाजबांधणीसाठी ग्वाथ्लो नदीकाठची जंगले तोडली जातात आणि तिथले लोक परागंदा होतात.

ताल-एल्मारच्या बाबतीत रक्ताचे नाते भाषा समजावून देते. निबंधात रक्ताचे नाते असूनही भाषा कळत नाही, आणि त्या न कळण्याची किंमत अरण्यवासी मोजतात. दुसरी कल्पना पहिलीपेक्षा कितीतरी प्रौढ आणि खरी आहे. ती कथेत उतरली असती तर टेहळणीला गेलेला मुलगा त्या परक्यांसमोर एक शब्दही न समजता उभा राहिला असता, आणि आगारची बाजू मांडायला त्याला आगारचीच भाषा वापरावी लागली असती.