‘येणे’, ‘जाणे’ आणि पारपत्र : ‘द शॅडो लाइन्स’मधील सीमेचा विचार

अमिताव घोष यांची ‘द शॅडो लाइन्स’ ही इंग्रजी कादंबरी १९८८ साली प्रसिद्ध झाली व पुढील वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. देशादेशांमधील सीमा मानवनिर्मित असतात आणि म्हणून त्या आभासरूप होत, असे या कादंबरीचे प्रतिपाद्य असल्याचे सामान्यतः सांगितले जाते. कादंबरीच्या नावानेही या समजुतीस बळ मिळते. प्रस्तुत लेखात या मताची परीक्षा करावयाची आहे. कादंबरीतील सीमा ही नकाशावरील रेषेपेक्षा अधिक करून कागदपत्रांची सीमा आहे, आणि तिचा खरा विरोध भूगोलाशी नसून बोलणाऱ्या माणसाच्या भाषेशी आहे, असे आमचे मत आहे. लेखकाला हे जाणवले होते. परंतु त्याचा निष्कर्ष काढताना त्याने दोष भलत्याच ठिकाणी ठेवला, असेही म्हणावे लागते.

प्रथम कथाभाग थोडक्यात पाहू. निवेदकाची आजी, जिला तो ‘ठाम्मा’ म्हणतो, जन्माने ढाक्याची. वैधव्यानंतर कलकत्त्यात शिक्षिकेची नोकरी करून तिने संसार उभा केला. निवृत्तीनंतर, १९६४ च्या जानेवारीत, ती विमानाने ढाक्याला जाते. बहीण मायादेबी हिचे यजमान तेथे भारताच्या वकिलातीत अधिकारी असतात. जुन्या वाड्यात राहिलेल्या वृद्ध चुलत्याला, जेठामोशाय यांना, भारतात घेऊन यावे हा तिचा हेतू. हजरतबल येथील पवित्र अवशेष २७ डिसेंबर १९६३ रोजी नाहीसा झाल्यावर पूर्व पाकिस्तानात व कलकत्त्यात जे दंगे उसळले, त्यांत या प्रवासाचा शेवट होतो. जेठामोशाय, त्यांना सांभाळणारा सायकलरिक्षावाला खलील आणि कुटुंबातील तरुण त्रिदिब हे तिघेही मारले जातात.

निघण्यापूर्वीच्या संभाषणांपैकी दोन प्रसंग आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. आजी विचारते की विमानातून सीमा दिसेल काय? निदान खंदक, ओसाड पट्टा, असे काही तरी तेथे असेलच, अशी तिची अपेक्षा आहे. तिचा मुलगा तिला समजावतो की सीमा तेथे नसून विमानतळाच्या आत आहे. तेथे जे तक्ते भरावे लागतात, ते भरताना ती ओलांडली जाते. हे ऐकून आजी विचारात पडते. तक्त्यातील जन्मस्थानाच्या रकान्यात तिला ढाका लिहावे लागणार, आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात भारत. आयुष्यभर नीटनेटकेपणा जपलेल्या या स्त्रीला दोन रकाने परस्परांशी जुळत नाहीत याचे वैषम्य वाटते.

दुसरा प्रसंग व्याकरणाचा आहे. पूर्वी आपण वाटेल तेव्हा ढाक्याला घरी ‘येत’ असू, अशा अर्थाचे वाक्य आजी कलकत्त्यात बसून बोलून जाते, आणि लहान निवेदक तिची थट्टा करतो : जी कलकत्त्यात राहते ती ढाक्याला ‘येईल’ कशी? हा विनोद पुढे घरात रूढ होतो. प्रौढ निवेदक मात्र त्यावर चिंतन करतो. त्याच्या मते प्रत्येक भाषेत एक स्थिर केंद्र गृहीत धरलेले असते; तेथून निघायचे आणि तेथेच परतायचे. आजीला जो शब्द हवा होता तो या दोन्हींत न बसणाऱ्या प्रवासाचा होता. कादंबरीच्या दोन भागांची नावेही ‘दूर जाणे’ आणि ‘घरी येणे’ या अर्थाचीच आहेत. म्हणजे हे चिंतन प्रासंगिक नसून ग्रंथाच्या रचनेचाच आधार आहे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे चिंतन टिकत नाही. ‘येणे’ व ‘जाणे’ ही क्रियापदे वक्त्याच्या स्थानावर अवलंबून असतात हे खरे. पण ते स्थान भाषेने कोठेही खिळवून ठेवलेले नाही. “उद्या मी तुमच्याकडे येतो” असे आपण म्हणतो, तेव्हा केंद्र ऐकणाऱ्याच्या दारी नेऊन ठेवतो. “काल रात्री मी उशिरा घरी आलो” असे कचेरीत बसून सांगणाऱ्याची भाषा कोणीही चुकीची ठरवत नाही, कारण त्या वाक्यात केंद्र घरी आहे, कचेरीत नाही. चार्ल्स फिल्मोर यांनी १९७१ च्या आपल्या व्याख्यानांत इंग्रजीतील या क्रियापदांचे विवेचन करताना वक्त्याच्या किंवा श्रोत्याच्या ‘ठाण्या’ची, म्हणजे घराची, गणना याच कारणाने स्वतंत्रपणे केली आहे. आजीचे वाक्यही भूतकाळी आहे. ज्या काळाविषयी ती बोलत होती त्या काळी तिचे घर ढाक्यात होते. तेव्हा ‘येत असू’ हेच रूप शुद्ध होय.

याहून सूक्ष्म पुरावा आपल्या नित्याच्या बोलण्यात आहे. निरोप घेताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. बंगालीतही अशा वेळी ‘आशि’ म्हणण्याचा प्रघात आहे. पाऊल बाहेर पडत असतानाच परत येण्याचे आश्वासन क्रियापदात ठेवलेले असते. ज्या भाषांना जाण्याच्या क्षणीही ‘येतो’ म्हणता येते, त्यांच्यावर स्थिर केंद्राचा आग्रह धरल्याचा आरोप कसा करावा?

असा आग्रह धरते ती तक्त्याची भाषा. नाव, जन्मस्थान, राष्ट्रीयत्व, स्थायी पत्ता, हे तिचे रकाने पाहावेत. त्यांत केवळ नामे आहेत. क्रियापद नाही, आणि ‘येथे’, ‘तेथे’, ‘आपले’ यांसारखा बोलणाऱ्यावर विसंबणारा शब्दही नाही. किंबहुना या भाषेत प्रवासी हा वक्ताच नसतो. भारतीय पारपत्राच्या आरंभी जी विनंती छापलेली असते ती राष्ट्रपतींच्या नावाने केलेली असते; धारकाविषयी तेथे तृतीय पुरुषात बोलले जाते. मराठीत रूढ झालेला ‘पारपत्र’ हा शब्दही या दृष्टीने विचारणीय आहे. ‘पार’ म्हणजे पलीकडचा काठ. आणि पलीकडचा काठ कोणता, हे बोलणारा कोठे उभा आहे त्यावर ठरते. आजीच्या पिढीला पद्मा ओलांडून गाठावयाचा पैलतीर हा घरचा तीर होता. पत्राने मात्र एक तीर कायमचा ‘पार’ ठरवून टाकला.

हे कधी घडले, याचे उत्तर १९४७ असे देणे पुरेसे नाही. रॅडक्लिफ यांचा निवाडा १७ ऑगस्ट १९४७ रोजी प्रसिद्ध झाला. पश्चिमेकडील प्रवासासाठी जुलै १९४८ पासून परवान्याची पद्धत आली. परंतु पूर्व बंगालच्या सीमेवर पारपत्राची व व्हिसाची सक्ती १५ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाली. म्हणजे पाच वर्षांहून अधिक काळ रेषा होती, दोन राज्ये होती, निर्वासितांचे लोंढे होते, आणि तरीही कलकत्ता व ढाका यांमध्ये पारपत्राशिवाय ये-जा चालू होती. भारत व नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० च्या तहानंतर दोन्ही देशांच्या नागरिकांना भूमार्गाने सीमा ओलांडण्यास पारपत्र लागले नाही. ती सीमा म्हणून नाहीशी झाली नाही. यावरून उघड होते की पारपत्र हे सीमेचे अटळ फळ नव्हे. तो एक स्वतंत्र निर्णय असतो. तो ठराविक दिवशी ठराविक सरकारे घेतात, आणि त्याची तारीख सांगता येते.

रेषा आणि कागद यांमधील हे अंतर कादंबरीच्या रचनेत उतरलेले नाही. विमानतळावरील सीमेचा इतका मर्मग्राही उल्लेख करूनही लेखक अखेरीस नकाशाकडेच वळतो. उत्तरार्धात निवेदक कंपास घेऊन नकाशावर वर्तुळे काढतो, खुलना मध्यभागी धरून श्रीनगरपर्यंतचे अंतर मोजतो, आणि सीमेने वेगळी केलेली शहरे एकमेकांची प्रतिबिंबे कशी बनली याचा विस्मय करतो. ही पाने प्रभावी आहेत यात शंका नाही. तथापि भूमितीच्या या भाषेत सीमा ही कोणाचीच कृती राहत नाही. तिला नियतीचे रूप येते. सावलीला जबाबदार कोणी नसतो. तक्ता मात्र कोणी तरी छापलेला असतो.

जेठामोशाय हे पात्र या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे. आज येथे आखलेली रेषा उद्या दुसरीकडे आखली तर माणसाने कितीदा हलावे, असा त्यांचा प्रश्न आहे, आणि ते जागचे हलण्यास नकार देतात. त्यांच्या वाड्यात आता भारतातून आलेली निर्वासित मुस्लिम कुटुंबे राहतात व तीच त्यांना सांभाळतात. भ्रमिष्ट मानला गेलेला हा वृद्ध एकच गोष्ट करतो : आपले केंद्र आपण ठरवण्याचा वक्त्याचा अधिकार तो सोडत नाही. त्यांना ‘घरी’ नेण्यासाठी आलेल्या पुतणीने मात्र तो अधिकार रकान्यांच्या स्वाधीन केलेला आहे. सीमा रक्त सांडून मिळविलेली असते, म्हणून ती मानली पाहिजे, अशी तिची श्रद्धा. तिच्या व्याकरणाला मात्र ढाका अजून घरच वाटते. तिची जीभ आणि तिची निष्ठा यांतील हा झगडा या कादंबरीतील सर्वांत मोलाचा भाग होय.

म्हणून ‘सीमा आभासरूप आहेत’ हे वाक्य या कादंबरीचे सार म्हणून सांगणे थांबवावे, असे आम्हांस वाटते. ज्याला पारपत्र मिळत नाही, किंवा ज्याच्या दोन रकान्यांचा मेळ बसत नाही, त्याला हे वाक्य काहीच देत नाही. कादंबरीने नकळत अधिक उपयुक्त गोष्ट दाखविली आहे. निवेदक ज्याला भाषेची मर्यादा म्हणतो ती वस्तुतः एका शासकीय पद्धतीची मर्यादा आहे. आणि तारीख असलेली पद्धत दुसऱ्या तारखेस बदलता येते. भाषेत बदल करण्याची गरज नाही. आजीचे क्रियापद प्रथमपासूनच बरोबर होते.