वाटा फुटणाऱ्या गोष्टी

चित्र, खाली संवाद, मध्येच एखादा प्रश्न, आणि तुम्ही जे निवडाल त्यावर पुढची गोष्ट. व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात तो खेळ एवढाच. मारामारी नाही, धावपळ नाही. महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, जुन्या लॅपटॉपवर निवांत चालतो. लातूरला क्लाससाठी खोली करून राहिलेल्या पोरालाही तो खेळता येतो. अडतं ते पैशांपाशी. दोन तासांत संपणाऱ्या गोष्टीसाठी चारपाचशे रुपये मोजावेत का?

माझ्या लेखी लांबी हा निकषच नाही. खेळ आपल्याला निवडायला लावतो तेव्हा जीव अडकतो का, ते पाहावं. बहुतेक खेळ इथंच उघडे पडतात. पर्याय तीन दाखवतात, पण तिन्ही वाटा पुन्हा त्याच नाक्यावर आणून सोडतात. नांदेडच्या दत्ता भगतांचं ‘वाटा-पळवाटा’ ज्यांनी पाहिलं किंवा वाचलं, त्यांना खरा पेच कसा असतो हे सांगायला नको. दलित चळवळीच्या तीन पिढ्या समोरासमोर येतात, आणि कुणालाच सरळ खोडून काढता येत नाही. खेळातला पर्याय असा हवा.

व्हेनेझुएलातल्या दोघांनी केलेला ‘व्हॅलहाला’ (२०१६) त्याच्या जवळ जातो. तिथं संवाद निवडायचेच नसतात. तुम्ही बारमध्ये कामाला. गिऱ्हाइकाला काय बनवून देता, किती कडक देता, यावर ते काय बोलून जाईल हे ठरतं. उलट २०२३ चा ‘वेन्बा’. १९८८ मध्ये कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची ही गोष्ट. इथं निवडीनं शेवट फारसा बदलत नाही, तरी तो मला मोलाचा वाटतो. नायिका वेन्बाच्या आईच्या जुन्या वहीतली पाककृती फाटलेली, डाग पडलेली. इडलीची भांडी कशी रचायची हे आपणच अंदाजानं ठरवायचं. पुढं वेन्बाचा मुलगा कविन मोठा होतो आणि त्याच वहीतलं तमिळ त्याला नीट लागत नाही. गमावलेली भाषा इथं आपल्या हाताला जाणवते. या खेळाला २०२४ मध्ये पदार्पणाचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, तो योग्यच. गोव्याच्या किनाऱ्याची छाया असलेला अरमान संधू यांचा ‘फॉरगॉटन फील्ड्स’ (२०२१) काटेकोर अर्थानं या प्रकारात बसत नाही. पण विकायला काढलेल्या घरी परतलेला त्यातला लेखक आपल्याकडच्या वाचकाला परका वाटणार नाही.

घ्यायच्या आधी डेमो असेल तर तो खेळा. ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’सारखे (२०१७) काही नावाजलेले खेळ तर फुकट आहेत, मात्र ‘डोकी डोकी’ कोवळ्या मुलांच्या हाती देऊ नका. खेळ विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. ‘वेन्बा’ साधारण दीड तासाचा. तो संपवून पैसे परत मागणं नियमात बसतं, पण ते करू नये. एवढ्याशा चमूचं पोट त्यावर असतं.

माझी खरी तळमळ वेगळीच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीत घराघरांत प्रश्न होता: पडलेल्या घराच्या दगडमातीजवळ पत्रे ठोकून राहायचं, की पुनर्वसनाच्या नव्या गावात जायचं? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. त्या उन्हाळ्यात घागर आधी कुणाला द्यायची, हाही पेचच. एवढं सगळं आपल्याकडं असताना आपल्या बोलीतला असा खेळ हाती लागू नये, याचं वाईट वाटतं.

साधनांची सबब आता उरलेली नाही. असे खेळ बनवायचं रेनपाय हे सॉफ्टवेअर २००४ पासून फुकट मिळतं. पूर्वी त्यात देवनागरी लिहिली की जोडाक्षरं तुटत, पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसे. नव्या आवृत्त्यांत ते सुधारलं आहे. नांदेडच्या एखाद्या कथाकारानं आणि लातूरच्या एखाद्या संगणकाच्या विद्यार्थ्यानं एकत्र बसावं. अर्ध्या तासाचा खेळ झाला तरी चालेल. पैसे देऊन घेणाऱ्यांत मी पहिला असेन.