आकृतीत नसलेला रोध

विजेच्या धड्यातली आकृती आठवा. एक घट, एक कळ, एक दिवा आणि त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषा. कळ दाबली की दिवा लागतो. उदाहरणात विभवांतर दिलेले, रोध दिलेला. भागाकार करायचा आणि 'अँपिअर' लिहायला विसरायचे नाही. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत हा धडा असाच आहे. त्यात चूक काही नाही. पण दिवा नीट लागला नाही तर काय करायचे, हा प्रश्नच तिथे येत नाही. आमच्या मते या धड्याची ही मोठी उणीव आहे.

ती आमच्या ध्यानात आली एका जुन्या प्रीमियर पद्मिनीमुळे. तिचा उजवा हेडलाइट छान, डावा मंद. आम्ही सगळे भौतिकशास्त्रात पीएच.डी. झालेले! बल्ब बदलला, फरक नाही. मग बल्ब काढून सॉकेटच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावला. पुरे 12 व्होल्ट. वायरिंग निर्दोष आहे असा निष्कर्ष काढून आम्ही आणखी महाग बल्ब आणला. गॅरेजवाल्याने तर पुढची सगळी वायरिंग बदलायचा सल्ला दिला, आणि आम्ही जवळजवळ हो म्हणालो होतो. तेवढ्यात तिथला एक म्हातारा इलेक्ट्रिशियन हातात वायरचा तुकडा घेऊन आला. एक टोक दिव्याच्या काळ्या वायरला, दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला. दिवा लख्ख! "अर्थ कच्चा आहे," एवढेच तो म्हणाला.

मोटारीत बॅटरीपासून दिव्यापर्यंत वायर जाते, पण परतीची वाट गाडीच्या पत्र्यातून असते. दिव्याची काळी वायर जवळच एका स्क्रूने पत्र्याला आवळलेली असते. त्या स्क्रूखाली गंज चढला होता. समजा त्याचा रोध 0.6 ओहम. 60 वॉटचा दिवा 12 व्होल्टवर 5 अँपिअर घेतो, म्हणजे तापलेल्या तारेचा रोध 2.4 ओहम. आता एकूण 3 ओहम, धारा 4 अँपिअर. दिव्याच्या वाट्याला 9.6 व्होल्ट, गंजाच्या वाट्याला 2.4. (दिव्याची तार थोडी थंड झाल्याने तिचा रोध किंचित घटतो, तो हिशेब सोडून देऊ.) विभवांतर पाचव्या हिश्शाने कमी झाले, पण प्रकाश निम्म्याहूनही खाली जातो, कारण तारेचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार झपाट्याने उतरतो. रात्री रस्त्यावर ही गोष्ट थट्टेची नाही.

मग मीटर खोटे बोलले का? मुळीच नाही. आजच्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध सुमारे 1 कोटी ओहम असतो. बल्ब काढल्यावर गंजातून धारा जवळजवळ वाहतच नव्हती, मग तिथे व्होल्ट खर्च कसे होणार? दिवा चालू ठेवून, मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे दिव्याच्या काळ्या वायरला लावले असते, तर दोनावर व्होल्ट दिसले असते. निरोगी गाडीत तिथे व्होल्टचा छोटासा अंशच दिसतो. ओहमचा नियम आम्हाला तोंडपाठ होता. तो कुठे लावायचा, हे म्हाताऱ्याला माहीत होते.

गाड्यांच्या पुस्तिकांत 'दोष–कारण–उपाय' असे तक्ते असतात. आम्हाला ते परीक्षेच्या गाइडांची भावंडे वाटतात. उत्तर मिळते, पण शोधायचे कसे ते मिळत नाही. इंडिकेटर लावला की शेजारचा मागचा लाल दिवाही मिणमिणतो, हे जुन्या गाडीत पुष्कळांनी पाहिले असेल. तिथेही अर्थ कच्चा असू शकतो. पण धारा लाल दिव्यात शिरलीच कशी? आकृती काढून पाहा. तक्ता पाठ करणाऱ्याला ते सांगता येणार नाही.

वर्गात यासाठी मोटार लागत नाही. तीन घट एकसरीत, टॉर्चचा बल्ब, आणि परतीच्या वायरीत पेन्सिलीच्या शिशाचा तुकडा. तो पुठ्ठ्याखाली लपवा. बल्ब मंद लागेल. बल्ब काढून मोजले की मीटर साडेचार व्होल्ट दाखवेल. नंतर मुलांच्या हाती मीटर द्या, आणि टोके कुठे टेकवायची ते मात्र सांगू नका.